वाटणीचं पाणी

मासे घ्यायला गेलो की फसायचं, ही माझी जालन्यातली जुनी सवय. ताडपत्रीवर तीन ढीग मांडलेले असायचे. तिन्ही रुपेरी, तिन्ही खवल्यांचे, तिन्ही साधारण हातभर लांब. मी रोहू म्हणून घेऊन यायचो आणि घरी पिशवी उघडली की आई म्हणायची, "हा तर मृगळ आहे." असं दोन-चारदा झाल्यावर एका रविवारी लाज सोडून विकणाऱ्या मावशीलाच विचारलं. तिने तिन्ही ढिगांतला एकेक मासा उचलून माझ्यापुढे धरला.

"तोंड पाह्य ना भाऊ त्याचं. वर पाह्यतो तो कटला. समोर पाह्यतो तो रोहू. खाली पाह्यतो तो मृगळ."

नंतर पुस्तकं चाळली तर त्यांत हेच होतं, फक्त जास्त पानं खर्चून. कटल्याचं डोकं मोठं आणि खालचा जबडा पुढे आलेला, त्यामुळे तोंड आभाळाकडे उघडतं. तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो. त्यासाठी त्याच्या कल्ल्यांच्या आत बारीक, दाट दातांच्या कंगव्यासारखी जाळी असते. रोहूच्या ओठांना झालर असते आणि तो मधल्या थरात वनस्पतींचे तुकडे, त्यांवर चढलेलं शेवाळ असं खुडत फिरतो. मृगळाचं तोंड तळाकडे वळलेलं, तो गाळातलं कुजकं शोधतो. घराणं एकच, तळंही एकच, पण चुली तीन. म्हणून तर तलाव भाड्याने घेणारी प्रत्येक मच्छीमार संस्था हे तिघे एकत्र सोडते. एकमेकांच्या ताटात हात न घालता तिघे वाढतात, आणि त्याच पाण्यातून जास्त मासा निघतो. मिश्र मत्स्यसंवर्धन म्हणतात ते हेच.

आपल्याकडे दोन भावांच्या शेतांमध्ये बांध असतो. तो दरवर्षी थोडा थोडा कोरला जातो आणि मग तहसीलपासून हायकोर्टापर्यंत तारखा पडत राहतात. या माशांचा बांध त्यांच्या अंगातच आहे. जबड्याच्या हाडात, ओठांच्या झालरीत, कल्ल्याच्या कंगव्यात. ही वाटणी कुणी केली, आणि केव्हा?

या प्रश्नाच्या मागे लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी, की ही वाटणी आपल्या पाण्यात झालेलीच नाही. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेचे, गंगा-ब्रह्मपुत्रेकडचे. जालन्याच्या ताडपत्रीवर ते आले ते माणसाच्या हाताने, विसाव्या शतकात. मग गोदावरीची स्वतःची वाटणी कुठे गेली? दुधना, पूर्णा, गिरजा, केळणा या नद्यांच्या डोहांत हे तिघे नव्हते तेव्हा वर कोण पाहत होतं आणि खाली कोण?

*

या मुलखात मासे कुणी नीट पाहिले, याचा शोध घेताना मी उलटा चालत बाराव्या शतकात पोचलो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय खावं, काय ल्यावं, कशाने मन रमवावं याचा तो कोश. त्यात मासे गळाला लावण्याच्या छंदावर 'मत्स्यविनोद' हे वेगळं प्रकरण आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांचं लक्ष तिकडे गेलं. त्या प्रकरणात माशांची विभागणी आहे. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे आणि लहान. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे कोणत्या माशाला काय खाऊ घालावं, हेही त्यात सांगितलंय. गळाला काय लावायचं हे ज्याला कळतं, त्याला नदीत कोण काय खातं हे कळलेलंच असतं. राजाने हे स्वतः पाण्यात उतरून शोधलं असेल असं मला वाटत नाही. ते त्याला गळ टाकणाऱ्यांनीच सांगितलं असणार. त्यांची नावं अर्थातच ग्रंथात नाहीत.

त्यानंतर मधल्या सात शतकांवरून उडी मारून थेट कंपनी सरकारात यावं लागतं. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगेतल्या माशांवरचं आपलं पुस्तक १८२२ मध्ये छापलं. कटला, रोहिता, मृगला ही शास्त्रीय नावं त्याची. तिकडचे लोक जे म्हणत होते तेच त्याने लॅटिन साच्यात ओतलं. दोनच वर्षांनी, १८२४ मध्ये, एल्फिन्स्टनने कर्नल विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची आकडेवारी जमवण्याच्या कामावर नेमलं. साइक्सने जमिनी मोजल्या, माणसं मोजली, पिकं मोजली, आणि फावल्या वेळात भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्यांतले मासे गोळा केले. १८३९ मध्ये त्यांची वर्णनं लंडनला प्रसिद्ध झाली आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर निबंध आला.

साइक्सची यादी वाचताना मराठी माणसाला हसू येतं. खुद्री, मुल्ल्या, कोलस, फुलुंगी, बोगट, नुक्ता, शिंगटी. घाटावरच्या कोळ्या-भोयांच्या तोंडचे शब्द त्याने इंग्रजी कानाने जसे ऐकले तसे उचलले, आणि ते आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत आहेत. दख्खनचा महसीर म्हणजे 'टोर खुद्री'. हनुवटीखालच्या चकतीने खडकाला चिकटून शेवाळ खरवडणारा छोटा मासा म्हणजे 'गारा मुल्ल्या'. काही नावं मात्र टिकली नाहीत. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या एका माशाला त्याने 'कुर्पा' म्हटलं, म्हणजे आपला खरपा, वाळूवर पोट टेकून भक्ष्याची वाट पाहणारा. पण तोच मासा हॅमिल्टनने आधीच गंगेत नोंदवला होता, आणि शास्त्रात पहिल्या नावाचा मान असतो. त्यामुळे मराठी कुर्पा रद्द झाला.

साइक्स जालन्याकडे माशांसाठी आला नाही, कारण हा मुलूख निजामाचा. इंग्रजांच्या इतिहासात इथली एक नदी ठळक आहे, ती केळणा, आणि तीही १८०३च्या असईच्या लढाईमुळे. वेलस्लीने ती कुठून ओलांडली यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. तिच्यात पोहत काय होतं यावर एक ओळ सापडली तर मला कळवा.

आणि तरीही एक माणूस जालन्यात होता. थॉमस जर्डन हा मद्रास सैन्यातला डॉक्टर. १८३७ मध्ये तो दुसऱ्या लाइट कॅव्हलरीत दाखल झाला आणि त्या पलटणीबरोबर जालन्याच्या छावणीत आला. पुढची काही वर्षं त्याची दख्खनमध्येच गेली. हा तोच जर्डन, ज्याचं नाव पुढे 'जर्डनचा धाविक' या पक्ष्यामुळे अमर झालं. १८४९ मध्ये त्याने दक्षिण हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्याच्या माशांवरही निबंध लिहिला. मात्र जालन्याच्या दिवसांत त्याचे डोळे वर होते. माळावरचे पक्षी त्याने टिपले आणि १८३९ पासून त्यांची यादी मद्रासच्या नियतकालिकात छापून आली. गोदावरी त्याच्यापासून घोड्यावर एका दिवसाच्या अंतरावर होती. इतक्या चांगल्या नजरेचा माणूस इथे राहिला आणि त्याने पाण्यात पाहिलं नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

*

साइक्सला वेगवेगळी तोंडं दिसली, पण ती तशी का, हा प्रश्न त्याच्या काळाचा नव्हता. तो डार्विनने १८५९ मध्ये विचारला. सारख्या गरजा असलेल्यांमध्येच झगडा सर्वांत तीव्र असतो, म्हणून जे वेगळे होतात त्यांना जागा मिळते, असं त्याचं म्हणणं. १९३४ मध्ये मॉस्कोच्या गाउजेने, तेव्हा तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता, काचेच्या नळीत त्याची परीक्षा घेतली. पॅरामिशियम या एकपेशी जीवाच्या दोन जाती एकाच खाद्यावर ठेवल्या तर एक नेहमी संपायची. पण तिसरी एक जात सोबत दिली तर दोन्ही टिकायच्या, कारण ती तिसरी नळीच्या तळाशी जाऊन खायची. वर एक, खाली एक. गाउजेची ती नळी म्हणजे मावशीची ताडपत्रीच.

अर्थात नळीत जीव फक्त जागा बदलतात. पिढ्यान्पिढ्या अंगच बदलतं का, हे पाहायला तळी लागतात. सर्वांत सुंदर पुरावा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा आहे. हिमयुग सरलं, बर्फ वितळला आणि तिथली लहान तळी तयार झाली. समुद्रातला स्टिकलबॅक नावाचा बोटाएवढा काटेरी मासा त्यांत शिरला. याला फार तर बारा हजार वर्षं झाली. ज्या तळ्यात त्याची एकच जात आहे तिथे ती मध्यम तोंडाची, थोडं वरचं थोडं खालचं खाणारी असते. मोजक्या तळ्यांत मात्र दोन जाती आहेत. तिथे एक सडपातळ, दाट कंगव्याची, मोकळ्या पाण्यातले सूक्ष्म जीव गाळणारी, आणि दुसरी जाडजूड, मोठ्या तोंडाची, तळ उकरणारी. एकटा असला की मध्यम, दोघे असले की टोकाचे.

डॉल्फ श्लूटर या शास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात याचा प्रयोग केला. कृत्रिम तळ्याचे पडदा घालून दोन भाग. एका भागात फक्त मध्यम तोंडाचे मासे, दुसऱ्यात त्यांच्याबरोबर वरच्या थरात खाणारी जात. दुसऱ्या भागात मध्यमांपैकी जे वरच्यांसारखे दिसत होते, त्यांचीच वाढ सर्वांत जास्त खुंटली. जे तळाकडे झुकलेले होते त्यांना फारसा फटका बसला नाही. असं हजारो वर्षं चाललं की तळाकडे झुकलेल्यांचीच पोरं उरतात आणि तोंड हळूहळू खाली वळतं.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. आज दोन मासे वेगवेगळं खातात म्हणजे ते पूर्वी भांडले असतीलच असं नाही. कदाचित ते वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या कारणांनी तसे झाले आणि नंतर भेटले. जोसेफ कॉनेल या पर्यावरणशास्त्रज्ञाने १९८० मध्ये याची छान टर उडवली. प्रत्येक फरकामागे तुम्हाला गेलेल्या स्पर्धेचं भूत दिसतं, आणि भुताला साक्षीला बोलावता येत नाही, अशा अर्थाचं तो बोलला. त्यामुळे कटला-रोहू-मृगळ यांची तोंडं एकमेकांशी भांडूनच अशी वळली, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ते एका खोऱ्यात फार काळ एकत्र राहिलेत आणि त्यांची वाटणी जमलेली आहे, एवढं नक्की.

वाटणी फक्त खालच्या-वरच्या मजल्यांची असते असंही नाही. आपल्याच महाराष्ट्रात कोल्हापूरच्या पंचगंगेतून सी. व्ही. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये एक मासा जगापुढे आणला. तो दुसऱ्या माशांची खवलं उपटून खातो. लोक त्याला 'खवलचोर' म्हणत, आणि कुलकर्णींनी तेच शास्त्रीय नाव ठेवलं. नदीतली सगळी दुकानं भरलेली असताना याने गिऱ्हाइकांचे खिसे कापायचा धंदा काढला! आफ्रिकेच्या टांगानिका सरोवरातही खवलं खाणारा एक मासा आहे. त्याची कथा आणखी पुढची. त्यातल्या काहींचं तोंड डावीकडे वाकडं असतं, काहींचं उजवीकडे. एक प्रकार सावजाच्या एका बाजूवर हल्ला करतो, दुसरा दुसऱ्या. डावरे वाढले की सावज ती बाजू सांभाळायला लागतं, मग उजव्यांची चंगळ होते. उजवे वाढले की उलट. जपानी शास्त्रज्ञ मिचिओ होरी यांनी १९९३ मध्ये दाखवलं की हे पारडं वर्षानुवर्षं असंच डोलत राहतं. जो कमी तो फायद्यात, म्हणून कुणीच संपत नाही.

*

आता जालन्याच्या नद्यांकडे येतो. कॅनडाच्या तळ्यासारखं शांत पाणी इथे कधी नव्हतंच. दुधना पावसाळ्यात तांबडी होऊन धावते आणि मे महिन्यात तिचे डोह उरतात, तेही सलग नाहीत. एवढ्याशा डोहात सगळे कोंडले जातात. पाण्यातला प्राणवायू संपत येतो तेव्हा मरळ, शिंगी आणि मागूर वर येऊन हवा घेतात. त्यांच्याकडे कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची सोय आहे. बाकीचे तडफडतात. म्हणजे इथे एक वाटणी थरांची, आणि तिच्यावर दुसरी वाटणी ऋतूंची. भरपूर पावसाचं साल पुरात अंडी घालणाऱ्या खवल्यांच्या माशांचं. कोरडं साल मरळीचं.

पीटर चेसन आणि रॉबर्ट वॉर्नर यांनी १९८१ मध्ये प्रवाळांतल्या माशांचा विचार करताना हेच गणितात मांडलं. वर्षं सारखी नसतील, आणि प्रत्येक जातीला वाईट वर्षं तगून चांगल्या वर्षाची वाट पाहता येत असेल, तर सारख्याच जागेसाठी भांडणारे दोघेही टिकतात. त्यांच्या लेखात दुष्काळ हा शब्द नाही. पण बाहत्तर पाहिलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला हे गणित समजावून सांगायची गरज पडणार नाही.

या अशा पाण्यात गोदावरीची स्वतःची माणसं होती. माणसंच म्हणतो. पृष्ठभागाजवळ किडे टिपणारी, वर वळलेल्या तोंडाची चपळ अळकूट. खडकांवर मुल्ल्या. तळाला झालरीच्या ओठांचा तांबीर आणि काळसर कानस. दगडगोट्यांच्या वाहत्या पाण्यात महसीर. वाळूत खरपा, कपारीत वाम, आणि या सगळ्यांवर नजर ठेवून शिवडा. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांना गोदाकाठ आहे, आणि तिथल्या भोई कुटुंबांना यातला कोण कुठे, कोणत्या महिन्यात सापडतो हे पाठ असायचं. पहिल्या पुराला मासा वर चढायचा, उथळ पाण्यात अंडी घालायचा, पूर ओसरला की पिल्लं नदीत उतरायची. जाळी त्या हिशेबाने विणलेली, डोह त्या हिशेबाने राखलेले.

या यादीत एक जागा रिकामी आहे, तुमच्या लक्षात आली का? कटल्याची. मोकळ्या पाण्यात सूक्ष्म जीव गाळून खाणारा मोठा मासा दख्खनच्या नद्यांत नव्हता. कारण साधं आहे. वाहत्या पाण्यात असे जीव फार साचतच नाहीत. ते साचतात उभ्या पाण्यात, आणि इथे मोठं उभं पाणी कुठे होतं?

ते आलं १९७६ मध्ये. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पैठणला ज्या जायकवाडी धरणाची पायाभरणी केली होती, त्याचं लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. नाथसागर भरला. मराठवाड्याच्या शेतीसाठी ते काय होतं हे मी सांगायला नको. माशांच्या दृष्टीने मात्र एका रात्रीत नवी जमीन निघाली, आणि तिला इथे वारस नव्हता. त्यामुळे कटला आणून सोडणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. तो हिशेब बरोबर होता. त्याची दुसरी बाजूही तोपर्यंत जमून आली होती. गंगेकडचे हे मासे उभ्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून पूर्वी नद्यांतून गोळा केलेलं बीज कलकत्त्याहून रेल्वेने देशभर जायचं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. तो दिवस आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मग जागोजागी मत्स्यबीज केंद्रं निघाली. जिरे, बीज, बोटुकली अशा मापांनी मासा विकत मिळू लागला.

पण कटला एकटा आला नाही. रोहू आणि मृगळ बरोबर आले, आणि त्यांच्या जागांवर इथे आधीच कुणीतरी बसलेलं होतं. मृगळ जो गाळ उकरतो तोच तांबीर आणि कानस उकरायचे. उत्तरेकडून आलेल्याची तांबीरशी वाटणी झालेली नव्हती. त्यांचा एकमेकांशी काही लाख वर्षांचा परिचयच नव्हता. आता हा सगळा दोष मृगळाच्या माथी मारणं सोपं आहे, पण अन्यायाचं होईल. तांबीरला अंडी घालायला पुरात वर चढावं लागतं, आणि वर पैठणला भिंत होती. पुढे खालीही अडसर आले. जोगलादेवी, राजाटाकळी, लोणी सावंगी असे बंधारे बांधले गेले आणि जालन्याच्या सीमेवरची गोदावरी एकामागोमाग एक लांबट तळ्यांची माळ झाली. वाहणाऱ्या नदीचं शरीर घेऊन जन्मलेल्यांना तळ्यात राहायला लागलं. बारीक आसाची जाळी, शहरांचं सांडपाणी, वाळूचा उपसा हे वेगळंच.

उभ्या पाण्याचा खरा लाभार्थी तिसराच निघाला. चिलापी. आफ्रिकेतली ही मासळी १९५२ मध्ये भारतात आणली गेली. तिला पूर लागत नाही, इंजेक्शन लागत नाही. काठाच्या चिखलात खळगा करते, अंडी तोंडात घेऊन फिरते, आणि वर्षातून अनेकदा पिल्लं काढते. उजनीत तर चिलापी म्हणजे त्या धरणाची ओळखच झाली. खाण्याच्या स्पर्धेत ती कुणाला हरवते की नाही हा नंतरचा भाग. पाळण्याच्या स्पर्धेत ती सगळ्यांच्या पुढे आहे.

पन्नास वर्षांत हे लोक एकमेकांशी जुळवून घेतील का? स्टिकलबॅकने घेतलं होतं. रोहू दोन-तीन वर्षांत वयात येतो असं धरलं तर जायकवाडी झाल्यापासून वीसेक पिढ्या होतात. उत्क्रांतीला वीस पिढ्यांतही थोडंफार करता येतं. पण त्यासाठी एक अट आहे. जो तगला त्याचीच पोरं त्या पाण्यात वाढली पाहिजेत. आपल्या बहुतेक तलावांत तसं होतच नाही. दरवर्षी बोटुकली बाहेरून येते, वाढते, जाळ्यात निघते, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा नवी बोटुकली. यंदाच्या माशाने जे काही भोगलं त्याचा लेश पुढच्या वर्षीच्या माशात नसतो. पाटी दरवर्षी पुसली जाते. तिथली वाटणी निसर्ग करत नाही, संस्थेचा सचिव करतो. कटला इतके, रोहू इतके, मृगळ इतके, आणि पाऊस लांबला तर सगळंच पुढच्या वर्षी. २०१२-१३ सारख्या सालात तळंच कोरडं पडतं तेव्हा तर हिशेबच मिटतो.

*

कॅनडातल्या त्या तळ्यांपैकी एकाचं नाव एनॉस. तिथेही दोन जाती होत्या, वरची आणि तळाची. नव्वदच्या दशकात तळ्यात बाहेरचा क्रेफिश शिरला. हा आपल्या चिंबोरी-कोळंबीचा गोड्या पाण्यातला नातलग, तळ उकरणारा, पाणवनस्पती उपटणारा. त्याने तळाचा काठ असा काही बिघडवला, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे, की दोन जातींना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी ठिकाणंच राहिली नाहीत. दोघांचा संकर होऊ लागला. आता एनॉसमध्ये बहुतांश मधल्या तोंडाचे मासे आहेत. बारा हजार वर्षांची वाटणी काही दशकांत मोडली. कुणी मेलं नाही, कुणी कुणाला खाल्लं नाही. फक्त बांध नाहीसा झाला.

हे वाचलं तेव्हा मला बीज केंद्रातला तो गोल हौद आठवला. माशांचं बीजांड आणि रेत पाण्यातच एकत्र येतं. कटला, रोहू आणि मृगळ यांना एकाच वेळी इंजेक्शन देऊन एकाच हौदात सोडलं तर कुणाचं कुणाशी जुळेल यावर ताबा राहत नाही. नदीत जागा आणि वेळ वेगळी असते, हौदात दोन्ही सारखी. देशभरच्या हॅचऱ्यांत असे संकर नोंदवले गेले आहेत, आणि ते पुढे अंडीही घालू शकतात. या पिल्लांचं तोंड पुरतं वर नाही, पुरतं समोर नाही, कल्ल्याचा कंगवा कटल्याइतका दाट नाही. म्हणजे ज्या वाटणीच्या भरवशावर तिघांना एकत्र सोडायचं, तीच बीजात मोडलेली. बोटुकली घेताना हे ओळखू येत नाही. इवलासा जीव, प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून आलेला. ओळखू येतं वर्षभराने, वजन भरत नाही तेव्हा, आणि तोवर संस्थेचे पैसे पाण्यात गेलेले असतात.

गेल्या पावसाळ्यानंतर पुन्हा मावशीकडे गेलो. आता मी तोंड बघूनच मासा उचलतो, त्याचा मला थोडा गर्वही आहे. ढिगातून एक उचलला आणि अडलो. डोकं मोठं, पण कटल्याइतकं नाही. ओठ जाडसर. तोंड वर जाता जाता मध्येच थांबल्यासारखं.

"मावशी, हा कोणता?"

तिने मासा हातात घेतला, उलटापालटा केला. "डोकं कटल्याचं, अंग रोहूचं. येतेत असे मधून मधून." मग जरा विचार करून, "रोहूच्या भावानं घे."

तांबीर येतो का कधी, असंही विचारलं. तिने मागे बसलेल्या सासूकडे पाहिलं. म्हातारीने दोन्ही हात फाकवून एवढा एवढा असायचा असं दाखवलं आणि पुन्हा पान जुळवायला लागली.

तो मासा मी घेतला. घरी आईने पिशवी रिकामी केली, त्याला नळाखाली धरलं, कल्ला उचलून आत पाहिलं, शेपटीपर्यंत नजर फिरवली, आणि मला हाक मारली. "अरे, हा कोणता आणलास?"